पुनवेची ओहोटी, अष्टमीची भरती

तीस वर्षं मी नेमकं काय काम केलं, हे आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच धड माहीत नाही. तळमजल्यावरच्या पेडणेकरांना वाटायचं, मी नेव्हीत आहे. पहिल्या मजल्यावर अशी समजूत होती की मी मासळी खात्यात आहे आणि घरी मासळी आणत नाही म्हणजे स्वभावाने चिक्कू आहे. खरं काम सांगायला फार सोपं आणि पटवायला फार कठीण. पाण्यात एक काठी सोडायची, ती जिकडे जाईल तिकडे बोट घेऊन तिच्या मागे जायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी ती कुठे पोचली ते वहीत लिहायचं. याचा पगार मिळायचा. लग्न ठरताना सासऱ्यांना एवढंच सांगितलं असतं तर लग्न झालं नसतं, म्हणून मी ‘सागरी सर्वेक्षण’ असं सांगितलं होतं.

काठी म्हणजे आमचा फ्लोट. एक बांबू, वरच्या टोकाला झेंडा, खाली पाण्यात पत्र्याचे चार पंख आणि तळाला शिशाचं वजन. पंखांमुळे तो वाऱ्याने न जाता पाण्याच्या ओढीने जातो. हा खटाटोप कशासाठी, तर समुद्रात टाकलेली वस्तू जाते कुठे, हे कळावं म्हणून. बंदरात मोठी जहाजं यायची तर तळ सतत उकरून खोल ठेवावा लागतो. उकरलेला गाळ, त्यात आपण सगळ्यांनी नाल्यांतून पाठवलेली दौलत मिसळलेली, बार्जमध्ये भरतात आणि बाहेरच्या समुद्रात नेऊन बार्जच्या पोटाची दारं उघडतात. गाळ खाली जातो. निदान वरून पाहणाऱ्याला तसं दिसतं. जड भाग तळाशी बसतो. बारीक भाग मात्र दुधात घातलेल्या हळदीसारखा पाण्यात राहतो आणि पाणी नेईल तिकडे जातो. भरती एकीकडे नेते, ओहोटी दुसरीकडे. दोन्हींची वजाबाकी केली की जी बाकी उरते, ती म्हणजे आमचा अहवाल.

गिऱ्हाइकांना ही वजाबाकी आवडत नसे. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं. एका कंत्राटदाराचे इंजिनियर आमच्या गिरगावच्या ऑफिसात येऊन माझ्या नकाशावर वाकले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “परब, तो बाण जरा अरबस्तानाकडे वळवता येईल का?” मी म्हटलं, “साहेब, पाणी वळलं तर बाण वळेल.” हे वाक्य बोलून मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो. पुढे जे घडलं ते वाचताना हे लक्षात ठेवा. आणि मी त्या इंजिनियरांपेक्षा फार वेगळा निघालो नाही, हेही.

काशिनाथ नाखवाची आणि माझी पहिली भेट माझ्या मूर्खपणामुळेच झाली. काशिनाथ वरळी कोळीवाड्यातला. त्याची डोल जाळी. डोल म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेली लांबलचक पिशवी. तिचं तोंड प्रवाहाकडे, शेपूट मागे. पाणी मासळी आत आणून सोडतं. जाळं जागचं हलत नाही, पाणी हलतं. म्हणून डोलवाल्या कोळ्याला पाण्याची जेवढी जाण असते, तेवढी आमच्या अख्ख्या ऑफिसला मिळून नव्हती. तर एका सकाळी मी फ्लोट सोडला, डबा उघडला, पोहे खाल्ले, आणि मान वर केल्यावर लांब दिसलेल्या झेंड्याच्या मागे लागलो. पाऊण तासात तीन नोंदी केल्या. तिन्ही नोंदींत झेंडा त्याच जागी. वहीत लिहिलं, ‘प्रवाहाचा वेग शून्य.’ असा शोध आधी कुणी लावला नसेल, या आनंदात असताना एक होडी जवळ आली.

“काय करतंस रं हितं?” होडीतला माणूस म्हणाला. तोच काशिनाथ.

“प्रवाह मोजतोय.”

“आनि झेंडा कुनाचा?”

“आमचा.”

“तुमचा तो बग, त्या तिकडं चालला.” त्याने लांब बोट दाखवलं. “ह्यो माझ्या जाल्याचा हाय. नांगराला बांधलाय. तो कुठं जानार?”

“अहो, मग पाऊण तास बघत होतात, सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं तुमचं शास्त्र असंच असतं,” काशिनाथ म्हणाला.

तेव्हापासून समुद्रात भेटला की तो लांबूनच ओरडून विचारायचा, “परब, आज पानी हाय की गेलं घरी?”

आता बिल्डिंगकडे येतो, कारण या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक बिल्डिंगमधूनच निघाली. आमच्या मजल्यावर नलूमावशी राहतात. मावशी माझ्या कुणी नाहीत, पण त्या सगळ्या बिल्डिंगच्या मावशी. मी रोज खोल समुद्रात जातो, एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी एक दिवस दारात उभं राहून निर्माल्याची पिशवी माझ्या हातात दिली.

“दादरला किनाऱ्यावर सोडते तर लाटेबरोबर परत पायाशी येतं रे. देवाची फुलं लोकांच्या पायाखाली जातात. तू लांब जातोस ना? खोल पाण्यात सोड.”

मी म्हटलं, “मावशी, माझं काम हेच आहे. टाकलेलं कुठे जातं ते बघायचं.”

“मग बघ आणि मला सांग,” मावशी म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात बिल्डिंगमधल्या अकरा घरांच्या पिशव्या जिन्याखाली माझी वाट पाहायला लागल्या. सुकलेले हार, विड्याची पानं, नारळ, तडा गेलेल्या काचेच्या तसबिरी. नाही म्हणायला मी तयार होतो, पण नाही म्हणायचं म्हणजे नलूमावशींना म्हणायचं. तेवढी माझी छाती नव्हती. मी अपराधी होतो, पण हौशी अपराधी नव्हतो. मन खात असायचं. म्हणून मी तांत्रिक तोडगा काढला. पिशवी तरंगून परत येऊ नये म्हणून ऑफिसातलं फ्लोटचं जुनं शिशाचं वजन तिच्यात घालायचं. गुन्हा नीटनेटका झाला की तो गुन्हा वाटत नाही.

त्यातली एक पिशवी मला आजही डोळे मिटून दिसते. आमच्या महिला मंडळाने त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशव्या वाटल्या होत्या. पिवळ्या रंगाच्या. वर हिरव्या अक्षरांत छापलेलं: ‘नवलाई सदन महिला मंडळ, लालबाग’. आणि खाली: ‘प्लॅस्टिक टाळा, समुद्र वाचवा’.

त्याच माघात आमच्याकडे मोठं काम आलं. गाळ टाकायची नवी जागा ठरवायची होती. माझे साहेब कर्णिकसर, शिस्तीचे, शब्द जपून वापरणारे. ते म्हणाले, “परब, सलग तेरा तास हवेत. एक पूर्ण भरती, एक पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला जा. पाण्याला सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच.”

पौर्णिमा-अमावस्येला मुंबईत उधाणाची भरती साधारण सकाळी सहाला चढायला लागते आणि दुपारी बाराला भरते. मग संध्याकाळी सहापर्यंत ओहोटी. म्हणजे पहाटे निघालं तर एका दिवसात काम झालं असतं. पण त्याच पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण होता. पूजेला मी आणि बायको बसणार होतो, आणि कर्णिकसरांना मी स्वतः तीर्थप्रसादाला बोलावलं होतं. सकाळी फुलं आणि केळीचे खुंट आणायची जबाबदारी माझी. तेव्हा सकाळची भरती दादरच्या फूलबाजारात गेली. दुपारी बाराला मी बोटीवर पोचलो आणि सहापर्यंत ओहोटी इमानदारीने मोजली. झेंडा झपाझप नैऋत्येला, चांगला चार मैल बाहेर गेला. संध्याकाळची भरती मोजायला थांबायचं, तर आठला चौरंगापुढे बसायचं होतं. मी बोट वळवली. कर्णिकसर पूजेला आले, त्यांनी शिरा दोनदा मागून घेतला आणि विचारलं, “झालं का काम?” मी म्हटलं, “ओहोटी झाली, भरती राहिलीय.” ते म्हणाले, “करून टाका.”

मी पुढच्या आठवड्यात करून टाकली. दुपारी बारा ते सहा, डबा खाऊन, आरामात. झेंडा जेमतेम दीड मैल परत आला. चारातून दीड गेले, अडीच उरले. अहवालात लिहिलं: इथे टाकलेला गाळ बाहेर जातो, किनाऱ्याकडे परत येत नाही. बाण अरबस्तानाकडे गेला होता आणि मला कुणी गोड आवाजात विनंतीही केली नव्हती.

पाण्याचे थोडे नमुने आणायचे राहिले होते. ते आणायला त्याच जागी मी अमावस्येच्या सकाळी गेलो. जाताना जिन्याखालची पिवळी पिशवी उचलली. पूजेचं निर्माल्य पंधरा दिवस वाळत पडलं होतं. आत दोन नारळ होते आणि नलूमावशींची गणपतीची फुटकी तसबीर. मी बारा नंबर कोरलेलं शिसं घातलं, तोंड सुतळीने आवळलं, हात जोडले आणि सात वाजता पिशवी पाण्यात सोडली. ती हळूहळू खाली जाताना दिसली. बुडाली, असं मी समजलो.

अहवाल गेला. चाचणी म्हणून बार्जने त्या जागी गाळ टाकायला सुरुवात केली. आणि काशिनाथने तक्रार केली की त्याच्या जाळ्यात गाळ भरतोय.

डोल जाळ्यात गाळ भरणं म्हणजे काय, हे मला तोवर कळलं नव्हतं. जाळ्याची शेपटाकडची वीण इतकी बारीक असते की चिखलाने ती बुजते. मग पाणी आरपार जात नाही, मासळी आत येत नाही, आणि ओढ इतकी बसते की जाळं फाटतं किंवा नांगरासकट सरकतं. काशिनाथची चारपैकी दोन जाळी फाटली होती. आणि चाचणीचा अहवाल पक्का झाला की अख्खा हंगाम, पुढचे सगळे हंगाम, बार्ज तिथेच येणार होती. त्याच्या वडिलांनी त्याच जागेवर जाळी लावली होती. समुद्रात कोळ्याची जागा ठरलेली असते. उठून शेजारी जाऊन बसता येत नाही, तिथे दुसऱ्याची असते.

सुनावणी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत. टेबलाच्या टोकाला एक अधिकारी बाई, चष्मा नाकावर. एका बाजूला कंत्राटदाराचे तेच गोड इंजिनियर, मग कर्णिकसर, मग मी. समोर काशिनाथ एकटा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याने मला पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी मस्करी केली नाही.

इंजिनियर म्हणाले, “मॅडम, अहवाल स्पष्ट आहे. तिथून काहीही किनाऱ्याकडे येत नाही. यांचा गाळ गटारांचा आहे.”

काशिनाथ वाकला आणि पायापाशी ठेवलेल्या गोणीतून त्याने एक पिवळी पिशवी काढून टेबलावर ठेवली. चिखलाने माखलेली, पण हिरवी अक्षरं शाबूत. छपाई चांगली केली होती. मंडळाची खजिनदार माझी बायको होती.

“ही अवसंच्या दुपारी माझ्या जाल्यात आली,” काशिनाथ म्हणाला. “फुलां, नारल, देवाचा फोटो. आमच्या कोलीवाड्यात लालबागची पिशवी कशी येल? ही भाहेरून आली. भरतीनं आनली.”

“लालबागचे लोक दादरला निर्माल्य सोडतात,” इंजिनियर म्हणाले. “किनाऱ्यावरून गेली असेल.”

बाईंनी पिशवी पेनाने जरा उलटली आणि मोठ्याने वाचलं, “प्लॅस्टिक टाळा, समुद्र वाचवा.” मग विचारलं, “ही कुठे टाकली, कधी टाकली, कुणाला सांगता येईल का? नसेल तर हा पुरावा धरता येणार नाही.”

कर्णिकसरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते नवलाई सदनात शिरा खाऊन गेले होते.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. निवृत्तीला सहा वर्षं होती. दुसरा विचारही गप्प बसण्याचाच होता. मग समोर पाहिलं. काशिनाथ पिशवीच्या तोंडाची सुतळी बोटाने सरळ करत होता. ती माझी गाठ होती.

“मी टाकली,” मी म्हटलं. “गाळ टाकायच्या जागीच. अमावस्येला, सकाळी सात वाजता.”

बाईंनी चष्मा काढला. “तुम्ही सर्व्हे करणारे ना?”

“हो. सर्व्हेच्या बोटीतूनच टाकली.”

“हे तुम्ही आत्ता बनवून सांगत नाही कशावरून?” इंजिनियर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता.

“आत शिशाचं वजन होतं. आमच्या ऑफिसचं. बारा नंबर.”

सगळ्यांनी काशिनाथकडे पाहिलं. तो जरासा ओशाळला. “होतं. मला वाटलं देवानं दिलं. मी माझ्या जाल्याला लावलं.” मग माझ्याकडे बघून, “बारा नंबर हाय. बरोबर हाय.”

मग बाईंनी जो प्रश्न विचारला तो मी स्वतःला विचारायला हवा होता. पिशवी पाच तासांत जाळ्यापर्यंत आली, तर अहवाल उलटं का सांगतो? मी वही उघडली आणि तारखा वाचायला लागलो. काशिनाथने मध्येच थांबवलं.

“तारखा नको. तिथी सांग. सुकती कवा मोजलीस?”

“ओहोटी? पौर्णिमेला.”

“आनि भरती?”

मी मनात दिवस मोजले. पौर्णिमेनंतर आठ. “अष्टमीला.”

काशिनाथ टेबलावर हात ठेवून हसायलाच लागला. बाईंना कळेना. तेव्हा त्यानेच समजावलं, “बाय, पुनवेला पानी धावतं. अष्टमीला भांगाची भरती, पानी चालतं, तेबी लंगडत. ह्यानं नेताना घमेलं लावलं नि आनताना चमचा. मंग म्हनतो, समदं गेलं.”

तीस वर्षांत माझ्या कामाचं इतकं अचूक परीक्षण कुणी केलं नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती जी नंतर कर्णिकसरांनी मला टॅक्सीत, खिडकीबाहेर बघत सांगितली. नारळ वर ओढत होते, शिसं खाली ओढत होतं, म्हणून पिशवी ना तरंगली ना तळाला गेली. मधल्या पाण्यात लोंबकळत राहिली. बारीक गाळ अगदी तसाच राहतो. “परब,” सर म्हणाले, “संपूर्ण सर्वेक्षणात शास्त्राला धरून एवढी एकच गोष्ट झाली, आणि ती तुमच्या निर्माल्याने केली.” भायखळ्याला टॅक्सी थांबली. उतरताना म्हणाले, “तिथी मीही तपासली नाही. त्या दिवशी मीही शिराच खात होतो.” निवृत्त होईपर्यंत माझं पद वाढलं नाही, पण माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी तिथी लिहून घेतली.

नलूमावशींना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मी खोल पाण्यात सोड म्हटलं होतं. तू कुठे सोडलंस?” “खोल पाण्यातच, मावशी.” “मग देव परत कसा आला? तुझ्या हाताला गुण नाही.” तिथून पुढे सगळी बिल्डिंग निर्माल्य मागच्या अंगणात खड्डा करून पुरायला लागली. तो खड्डा खणायचं काम एकमताने माझ्याकडे आलं.

दुसऱ्यांदा मोजायचं ठरलं तेव्हा काशिनाथ म्हणाला, फाल्गुनातल्या पुनवेला होळी, त्या दिवशी कोळी होडीला हात लावत नाही; अवसंला मोज. अमावस्येला पहाटे साडेपाचला निघालो, संध्याकाळी सातला आलो. साक्षीदार म्हणून काशिनाथ बरोबर, कंत्राटदाराचे इंजिनियरही बरोबर. दहा वाजता मला उलटी झाली, साडेदहाला इंजिनियरांना. काशिनाथने दोघांना एकेक लिंबू दिलं आणि माझ्या वहीतल्या नोंदी स्वतः घेतल्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. गाळ भरतीबरोबर थेट त्याच्या जाळ्यांकडे येत होता. जागा बदलली. आणखी लांब, नैऋत्येला. तिथूनही फ्लोट सोडून पाहिले. आमच्या नकाशाच्या कडेपर्यंत काहीही परत आलं नाही. नकाशावर फक्त काशिनाथची जाळी दाखवलेली होती, कारण तक्रार त्याची होती.

चैत्री पुनवेपासून बार्ज नव्या जागी जायला लागली. महिन्याभराने मी काशिनाथच्या होडीतून त्याचं जाळं उचलताना बघायला गेलो. माझ्या हातून एखादं काम धड झालं असलं तर ते डोळ्यांनी बघावं, एवढीच हौस. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी उभं राहिलं तसं त्याने आणि त्याच्या भावाने जाळ्याचं शेपूट होडीत ओढून सोडलं. बोंबील, कोळंबी, थोडा जवळा. काशिनाथने रिकामं शेपूट दोन्ही हातांनी पिळलं. पाणी स्वच्छ निथळलं. मग त्याने ते पुन्हा एकदा पिळलं.

मला फार बरं वाटलं. मी सहज नैऋत्येकडे पाहिलं आणि सहजच विचारलं, “तिकडे कुणाची जाळी असतात का हो?”

“असतात की.”

“कुणाची?”

“साडवाची. माझ्या बायकोच्या भैनीचा नवरा.”

मी खाली बसलो. “त्यांना नव्या जागेचं सांगितलंत?”

“मी? मी सांगितलं तर तो म्हनंल, काशिनाथनं आपला गाल माझ्या घरात लोटला. दोगी भैनी बोलायच्या बंद होतील.” त्याने इंजिन चालू केलं आणि होडीचं नाक वळवलं. “तू सांग. कबुली द्यायची तुला सवय हाय.”

अर्ध्या तासाने साडवाची होडी दिसली. तो एकटाच कठड्याला पाय लावून जाळं ओढत होता आणि ते वर येत नव्हतं. वाटेत मी चांगली चार वाक्यं जुळवली होती. जवळ गेल्यावर त्यांतलं एकही निघालं नाही. मी एवढंच विचारलं, “गाळ येतोय का?”

त्याने दोर कठड्याला गुंडाळला आणि हात अर्ध्या चड्डीला पुसले. “येतो. चैत्री पुनवेपासून,” तो म्हणाला. “पन तुला कसं कललं?”